अंगारा कपाळाला, गोळी पोटात

सिंधू,

तुझा डोळा लागला म्हणून उठवलं न्हाय. तुझं रडं थांबावं म्हणून वन्संनी नवस बोललाय, तवा त्यांच्या संगं जोतिबाला जाते.

पोटुशीनं इंग्रजी औषध घेऊ न्हाय म्हणून त्यांनी डॉक्टरीणबाईच्या गोळ्यांची पुडी परड्यात फेकली. मी ती उचलून देव्हाऱ्यातल्या अंगाऱ्याच्या डबीत तळाला ठेवलीया. अंगारा कपाळाला लाव, गोळी पोटात घाल. बरं वाटलं की वन्संना म्हणायचं, तुमचा अंगारा लागू पडला. त्यांचाबी मान राहतोय.

गोळ्यांनी पोर बिघडतंय म्हणं. तुझ्या नवऱ्याच्या वेळी मीबी अशीच रडायची. मला नुसता अंगाराच मिळाला. पोरगं कसलं निपजलंय, बघतीयास की.

चिठ्ठी चुलीत घाल.

तुझी सासू