लख्ख ताट

१४ मार्च, रविवार, दुपार

चि. काडीस,

अनेक आशीर्वाद. हा शब्द मी अधिकाराने लिहितो आहे की सवयीने, ते तू ठरव. इकडे सर्वांचं क्षेम आहे. सर्व म्हणजे मी.

पत्राला विशेष कारण नाही, असं लिहिणार होतो. पण चार वर्षांनी पत्र लिहिणाऱ्याने पहिल्याच परिच्छेदात इतकं धडधडीत खोटं लिहू नये. निदान पान उलटेपर्यंत थांबावं.

तर आधी बातम्या. छापखान्यातली माझी खुर्ची गेली. तिचं वय तेवीस, माझं त्रेपन्न. ज्येष्ठताक्रम तिने पाळला नाही. शब्दकोशाची मुद्रितं तपासत होतो, 'स्थ'पर्यंत आलो होतो, आणि एकदम जमिनीवर. आमचा जुळारी तुला आठवत असेल, वीस वर्षं माझ्या शेजारी अक्षरं जुळवतोय आणि तेवढीच वर्षं माझी टिंगल करतोय. तो धावत आला. "पंडित, लागलं का?"

"अहंकाराला."

"अरेरे, म्हणजे बरंच मोठं क्षेत्र आहे."

एवढाच विनोद झाला. मग मला उठवायला तीन माणसं लागली आणि त्यातले तिसरे मालक होते. कोणी हसलं नाही ग. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे अत्यंत सभ्यपणे आपापल्या जागी गेले. सोमवारी माझ्या टेबलाशी एक रुंद लोखंडी खुर्ची होती. तिच्याबद्दलही कोणी अवाक्षर काढलं नाही, जुळाऱ्यानेसुद्धा.

तू मला शेवटचं पाहिलंस त्यानंतर मी एकतीस किलोंनी वाढलो आहे. सभ्य भाषेत याला देहविस्तार म्हणतात. बुटाचे बंद बांधायला मी श्वास रोखून खाली जातो, पाणबुड्यासारखा. डॉक्टरांनी रक्त तपासलं, माझ्याकडे पाहिलं आणि एका आहारतज्ज्ञ बाईंची चिठ्ठी लिहून दिली.

बाई म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी. मला वाटलं होतं, काकडी, उपदेश आणि भिंतीवर आतड्यांचं चित्र. चित्र होतं. उपदेश निघाला नाही. तिने एक कोरी वही पुढे ठेवली. म्हणाली, "काका, काय खाल्लं ते लिहू नका. ते मला दिसतंच आहे."

मी मनात म्हटलं, ही आपल्या घराण्यात शोभली असती.

"किती वाजता खाल्लं आणि त्याच्या आधी काय झालं, तेवढं लिहा."

तीन आठवडे लिहिलं. शुद्ध लिहिलं, समास-अलंकारांसकट. तिने वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच ओळीला अडली. "काका, 'अपराह्णी क्षुधेच्या अभावी' म्हणजे?"

"दुपारनंतर, भूक नसताना."

"मग तसंच लिहा ना! मी इकडे पचनाचा विकार समजले."

मग ती बराच वेळ पानं मागेपुढे करत राहिली. शेवटी म्हणाली, "सकाळ ठीक आहे. दुपारही ठीक. कामावरून येऊन साडेपाचला तुम्ही नीट जेवता. आणि पावणेसहाला पुन्हा जेवता. रोज. जवळपास तेवढंच. हे दुसरं जेवण कोणाचं आहे?"

मी म्हटलं, "उरलेलं असतं."

"मग उरवता कशाला?"

काडी, मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं आहे. समासात टोकदार शिसपेन्सिलीने खुणा करतो. आणि माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात चार वर्षं एक चूक रोज छापली जात होती. मी भांड्यात दोन वाट्या तांदूळ घालत होतो. एक माझी, एक आईची. बटाटे चार, तिच्या दोनांसह. हात आपोआप जात होता. शिजवलेलं टाकायचं नाही, हे आईनेच शिकवलेलं. मग ते खायला कोण होतं?

साडेपाच होत आले. थांबतो.

•

तोच रविवार, संध्याकाळचे सात

आता फिरून आलो. पावणेसहाला घरातून निघतो, पुलापर्यंत जातो, कठड्याला हात लावतो आणि परततो. कठड्याला हात का लावायचा, माहीत नाही. लावला नाही तर गेल्यासारखं वाटत नाही. सुरुवातीला टपालपेटीपाशीच धाप लागायची आणि मी पत्र शोधत असल्याचं नाटक करत खिसे चाचपायचो.

एकाच वाटीपुरतं छोटं पातेलं घेतलं आहे. पहिल्या दिवशी त्यात शिजवलं, जेवलो आणि रिकाम्या पातेल्याकडे पाहून चक्क रडलो. भूक नव्हती. परवा बिस्किटांचा पुडा उभ्याउभ्या संपवला. तेही वहीत लिहिलं. बाई म्हणाल्या, "बसून खाल्ला असता तर चव तरी कळली असती," आणि पुढचं पान उलटलं. एकूण सहा किलो कमी झालेत. लोखंडी खुर्चीच्या निदर्शनास अजून आलेलं नाही.

मी वहीत 'आधी काय झालं' या रकान्यात रोज लिहीत होतो, "काही नाही." ते खरंच आहे. नंतरही तेच, सहा वाजतात आणि काही होत नाही. फोन वाजत नाही.

पान उलटलं आहे. आता लिहितो.

आईच्या शेवटच्या तीन महिन्यांत तू रोज सहाला फोन करायचीस. चष्म्याचं दुकान बंद करून, मागे शटरचा आवाज येत असायचा. पहिलाच प्रश्न, "दादा, आज जेवली का?" आणि मी सांगायचो, "ताट लख्ख आहे."

ताट लख्ख असायचं. ते मी केलेलं असायचं.

रोज येणाऱ्या परिचारिकेने बजावलं होतं, सलग दोन दिवस ताट भरलेलं दिसलं तर नाकातून नळी घालावी लागेल. आईने ऐकलं. परिचारिका गेल्यावर आईने ताट माझ्याकडे सरकवलं. "तू खा. नळी नको मला."

"आई, दोन घास तरी."

"माझे पण तूच खा. लहानपणी नाही का काडीचं दूध चोरून प्यायचास? तसंच."

हसलो आम्ही दोघं. मग मी खाल्लं. तिच्यासमोर, तिच्या चमच्याने. ती बघत राहायची, आणि मी संपवलं की डोळे मिटायची. परिचारिका कागदावर लिहायची, 'पूर्ण आहार घेतला.' आई वाळत गेली आणि मी भरत गेलो. आरसा होता घरात. दिसत होतं.

इथपर्यंतचं मी आईसाठी केलं, असं म्हणता येईल. पुढचं नाही.

तुला खोटं सांग, असं आईने कधीच सांगितलं नव्हतं. ते माझं स्वतःचं. तू तीनदा विचारलंस, "मी येऊ का?" एकदा तर तिकीट काढलं होतंस. मी म्हटलं, "कशाला? ताट लख्ख आहे. दुकान कोण बघेल?" आणि तू तिकीट रद्द केलंस.

का म्हटलं, याला चार वर्षं मी चांगली चांगली नावं शोधली. शब्दकोश हाताशी असतो. काळजी, संयम, तुझी दगदग वाचवणं. सगळे शब्द खोडले. खरं एवढंच आहे, की तू आली असतीस तर आईने तुझ्या हातून खाल्लं असतं. मला माहीत होतं. निदान चार घास खाल्लेच असते. अकरा वर्षं मी तिचं सगळं केलं, आणि तू दारातून आत येऊन चार घास भरवले असतेस. ते मला बघवलं नसतं.

तू पोचलीस तेव्हा सगळं संपलं होतं. मामा तुला सगळ्यांदेखत म्हणाले, "आलीस? जरा आधी आली असतीस, बाई." तू माझ्याकडे पाहिलंस. मी दारापाशी पाहुण्यांच्या छत्र्या नीट लावत होतो. तीनच छत्र्या होत्या, काडी. मी बराच वेळ लावल्या.

मामांना काल वेगळं पत्र टाकलं आहे, यातलं छत्र्यांपर्यंतचं सगळं लिहून.

तुला फोन केला असता, पण फोनवर मी फार सफाईने खोटं बोलतो. तुला आठवतं? एकदा तू म्हणालीस, "दादा, तोंडात काय आहे तुझ्या? नीट बोल." मी म्हटलं, "पाण्याचा घोट." तो आईच्या भाताचा शेवटचा घास होता.

क्षमा माग, असं बाईंनी सांगितलेलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, कोणाचं आहे हे जेवण. मागून मिळेल असंही मी धरून चाललेलो नाही. आईचे चार घास मी तुझ्याकडून घेतले, ते परत करता येत नाहीत. तू उत्तर दिलं नाहीस तरी मी एकाच वाटीचं शिजवेन, एवढं ठरवलं आहे.

फिरायला मी बरोबर पावणेसहाला का जातो, ते तुझ्या लक्षात आलं असेल. सहा वाजता त्या फोनशेजारी बसवत नाही. तुला हे पत्र शनिवारपर्यंत मिळावं. त्या दिवसापासून कामावरून परस्पर पुलाकडे जाईन आणि वेळेत परत येईन.

सहाला घरी असेन. तोंडात काही नसेल.

तुझा
(चालत असेल तर) दादा