तीस सेकंदांचा इशारा

४ एप्रिल
ताईचा फोन आला. परवाचा गारपिटीचा इशारा माझ्याच आवाजात पन्नास गावांच्या मोबाईलवर गेला होता. तो ऐकून दाजींनी गहू हिरवटच कापला. आणि गार? एकसुद्धा पडली नाही! दोन दिवस रखरखीत ऊन.
"दाणा चिमला गं," एवढंच म्हणाली ताई. मागून दाजींचा आवाज, "विचार तिला, त्या हवामानाच्या ऑफिसात आकाश बघायला खिडकी तरी आहे का?"
आहे. पण समोर भिंत आहे.

५ एप्रिल
साहेबांना सांगितलं. म्हणाले, "शक्यता साठ टक्के होती. उरलेले चाळीस आपल्यावर उलटले. तुमचं काय चुकलं?"
टक्के ताईला कसे समजावू? संदेशाला तीस सेकंद मिळतात. तेवढ्यात 'कदाचित' नीट म्हणता येत नाही.

१९ एप्रिल
दाजींनी फोनवरचे आमचे संदेश बंद करून टाकले. ताईने तिच्या फोनवर गुपचूप चालू ठेवलेत. "तेवढाच तुझा आवाज कानावर पडतो," म्हणाली.

२ जुलै
सकाळपासून ताईच्या गावाकडच्या नदीवरच्या मापकांचे आकडे दर दहा मिनिटांनी चढतायत. कॉम्प्युटर म्हणतो, पाणी शेतात शिरायची शक्यता पंचावन्न टक्के.
साहेब म्हणाले, "साठच्या खाली इशारा द्यायचा नाही, नियम आहे. पुन्हा तोंडघशी पडायचंय का?"
तासभर मी चढते आकडे बघत राहिले. मग राहवेना. "साहेब, गहू पुन्हा पेरता येतो. माणसं नाही."
त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले — आणि सही केली.
घाईघाईत रेकॉर्ड केलं : दुपारी नदीला पूर येण्याची शक्यता आहे. काठावरचे पंप वर काढा. जनावरं सोडून द्या. सर्वांनी उंच जागी जावं.
अडीचला पूर आला! पंचावन्न टक्के खरे ठरले. ताईचा फोन लागत नाही.

३ जुलै
गावंच्या गावं वेळेत वर गेली म्हणे. ऑफिसात टाळ्या वाजल्या. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "यांनी हट्ट धरला म्हणून." मला धड हसताही येईना.
टॉवर पडलाय, म्हणून फोन लागत नाही, असं सगळे सांगतात. मीही स्वतःला तेच सांगते.

४ जुलै
ताईचा फोन आला, दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाईलवरून. ती शाळेच्या गच्चीवर आहे, सुखरूप. संदेश तिने दाजींना ऐकवला होता. या खेपेला त्यांनी वाद घातला नाही. "मेहुणी सांगतेय ना, मग आधी पंप काढतो," म्हणाले आणि काठावर गेले.
अजून सापडले नाहीत.
पंप मी आधी म्हटलं होतं. माणसं शेवटी.