तात्यांच्या खुर्चीखालची जमीन

सौ. प्रगतीवन्सं यांना घोलवडहून चंद्रिकाचा नमस्कार.

तुमचा गुडघा, जतीनरावांची शुगर आणि तुमच्या सासूबाईंचा आवाज, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालते. इकडे सगळे खुशाल, फक्त तुमचे वडील, आपले तात्या, सध्या बेटावर राहतात. फोनवर तुम्ही मला दुसरं वाक्य बोलू देत नाही, म्हणून हे पत्र.

वाडीतल्या चिकूच्या शेडची लाकडी जमीन कुजली आहे, हे मी दोन पावसाळे सांगत होते. तुमच्या बंधूंचं (म्हणजे माझ्या नवऱ्याचं, हल्ली मी नातं तुमच्या बाजूने मोजते) एकच पालुपद, "सागवान आहे, काय होतंय?" गेल्या आठवड्यात मी क्रेट घेऊन चालले असताना सागवानाने स्वतःच उत्तर दिलं. मी गुडघ्यापर्यंत आत. तुमचे बंधू धावत आले आणि पहिला प्रश्न, "चिकू दबले का?"

फळ्या उचकटल्या तर खालचे बुटके खांबही वाळवीने भुसा केलेले. शेड नुसती सवयीने उभी होती. मी म्हटलं, लादी घालू, कटकट मिटेल. एवढं कानावर पडलं आणि तात्या खुर्ची घेऊन शेडच्या मधोमध जाऊन बसले, ते बसलेच. "मी उठलो की तुम्ही सिमेंट ओतणार! लादीवर चिकूला घाम सुटतो." (घाम कोणाला सुटतो ते क्रेट उचलणाऱ्याला विचारा.) हिरू सुतार आला, सगळीकडे टकटक करून म्हणाला, "काम होईल वहिनी, पण आधी बाबांना काढा," आणि गेला. मग तुमच्या बंधूंनी मोबाइलवर व्हिडिओ बघून स्वतःच हातोडा घेतला. तात्यांच्या चहूबाजूंची जमीन निघाली. मध्ये उरल्या चार फळ्या, खुर्ची आणि तात्या. एक बाजू उचलायला जीपचा जॅक लावला तर त्यांची बाजू खाली गेली. ते उठले नाहीत, पेपर तेवढा तिरका धरला. चहा आम्ही चिकू काढायच्या काठीच्या जाळीत पेला ठेवून पोचवतो. रात्री झोपायला घरी येतात, पण खुर्चीवर पंचा टाकून, एसटीतली जागा धरावी तसा. आणि तो पंचा उचलायची तुमच्या बंधूंची छाती नाही.

चारोटीहून बंधूंनी ट्रकच्या जुन्या फाळक्याच्या फळ्या आणल्या. पहिलीच तात्यांच्या पुढ्यात ठोकली, तिच्यावर लिहिलेलं, "अंतर ठेवा". मला ती फळी फार आवडली. इकडे चिकू ओटीवरून माझ्या देवघरापर्यंत आलेत आणि कोणासाठी न थांबता पिकतायत. एक तोडा व्यापाऱ्याने नाकारला, पुढचा उद्या भरायचा आहे. तेव्हा कुठे आज सकाळी तात्यांनी तह सांगितला: फळ्या कसल्याही घाला, पण खांब मात्र मूळ शेडच्याच सागाचे हवेत. तो साग तर कधीच तोडून संपला. आता बोला.

सासूबाईंना नमस्कार, त्यांनी घेतला तर.

तुमची वहिनी,
चंद्रिका

ता. क. त्या सागाचं लाकूड आता एकाच ठिकाणी उरलंय, हे तात्यांना आठवलं: तिकडे झाईला तुमच्या घरी, लग्नात दिलेल्या पलंगात. त्याचे पाय उंचीला नि जाडीला खांबांच्या जागी चपखल बसतील म्हणतात. मी विरोध केला. (एकदा. हळू आवाजात.)

आणखी एक ता. क. पत्र सुदाम टेम्पोवाल्याच्या हाती देते आहे. तुमचे बंधू पाने-पकड घेऊन त्याच्यासोबतच आलेत. टेम्पोत लादीचे खोके आहेत, ते तुमच्या न्हाणीला घ्या. (तात्यांचा संशय खरा होता, मी ते आधीच आणून ठेवले होते.) गादी तेवढी उचलून ठेवा. जतीनराव पलंगावर आडवे झाले असतील आणि उठत नसतील, तर वाद घालू नका. बसल्या माणसाभोवतीचं लाकूड काढायला तुमचे बंधू आता चांगलेच शिकलेत.