पिवळ्या फियाटचा तळ

माहीम,
५ जानेवारी २०२५

आदरणीय दादास,
ललिताचा सप्रेम जयभीम, वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर आपलं दोन मिनिटांत जुंपतं आणि तू फोन कापतोस. पत्र मधेच कापता येत नाही, म्हणून लिहायला बसले. माहीमहून लालबागला यायला त्याला चार दिवस लागले तरी चालतील.

सोबत बिस्किटाच्या डब्यात माझी पिवळी फियाट आहे. बाबांनी सातव्या वाढदिवसाला दिलेली, तीच. मागचं एक चाक निखळलंय, तेही डब्यातच आहे. पुण्या-नाशकाचे लोक म्हणे मोडक्या खेळण्यातल्या गाड्या तुला पाठवतात आणि तू त्या नव्यासारख्या करून देतोस. मग घरच्या गाडीने काय पाप केलंय? फक्त एक कर. आहे तो रंग सगळा काढ, आतला धातू दिसेपर्यंत. वरवर हात फिरवून परत पाठवू नकोस.

बाबा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी न जेवता निघाले, त्याचं दीपिका वहिनीला वाईट वाटलं असेल. तिला सांग, राग तिच्यावर नव्हता. वीस माणसांत तू मला पुन्हा गाडीचोर म्हणालास, सगळे हसले, आणि मी ताटावरून उठले. एकोणपन्नास वर्षांची बाई आहे मी दादा. शाळेत मुलं मला टरकून असतात.

सम्यकला अभ्यास कर म्हणावं. लोभ जेवढा उरला असेल तेवढा राहू दे.

तुझी,
ललिता

*

लालबाग,
११ जानेवारी

प्रिय ललितास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

डबा पोचला. त्याला इतकी चिकटपट्टी मारली होतीस की दीपिकाने विचारलं, नणंदबाईंनी सोनं पाठवलंय का.

आता खरं काय ते बोल. बेचाळीस वर्षं ही गाडी तुझ्याकडे कुलपात आहे. सम्यक चार वर्षांचा असताना हात लावायला गेला, तर त्याच्या हातावर चापट मारलीस. आणि आता म्हणतेस, रंग पार काढून टाक. पाणी कुठेतरी मुरतंय. आमच्या या नादात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात, जुना रंग एकदा गेला की गेला, तो कोणाच्या बापाला परत आणता येत नाही. मी तो काढायचा, आणि मग तू सगळ्या नातेवाइकांत सांगत फिरायचं की बाबांची आठवण दादाने थिनरमध्ये बुडवली. तसं नको. मला लेखी दे.

आणखी एक. भिंगाखाली धरून पाहिली. खेळण्यांच्या कारखान्यात रंग फवाऱ्याने मारतात, हा ब्रशने मारलाय. वर वॉर्निश आहे. गाडीला असला दाट, भडक पिवळा कोणी देत नाही. बाबांनी दिलेली गाडी हीच, हे कशावरून?

गाडीचोर म्हटलं त्याचा राग येतो तुला. मग ऐक. पहिला नंबर आला म्हणून मला मिळालेली लाल फियाट ऑगस्ट ब्याऐंशीमध्ये फळीवरून गेली. खोलीत माणसं चार. आई-बाबा काही गाडी खेळत नव्हते. उरलं कोण? आईने तुला लाटण्याने मारलं तरी तू तोंड उघडलं नाहीस. निर्दोष माणूस ओरडतो गं. तू गप्प राहिलीस.

लोभ आहे, पण लेखी आल्याशिवाय गाडी उघडणार नाही.

प्रफुल्ल

*

माहीम,
१६ जानेवारी

आदरणीय दादास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

घे लेखी. मी, ललिता, पूर्ण शुद्धीत लिहून देते की माझी फियाट माझ्या भावाने माझ्या सांगण्यावरून उघडली. तिचं काही बरंवाईट झालं तर मी नातेवाइकांत, शाळेत किंवा माहीमच्या मासळीबाजारात बोंब मारणार नाही. स्टॅम्पपेपर हवा असेल तर तोही आणते.

गाडी हीच कशावरून, असं विचारतोस. तुझ्याकडे भिंग आहे, तूच बघ. सुरुवात मात्र तळापासून कर. का, ते विचारू नकोस. विचारलंस तरी सांगणार नाही.

वहिनी म्हणत होती, थिनरच्या वासाने तुला हल्ली खोकला होतो. गॅलरीत बसून काम कर, आणि नाकाला रुमाल बांध. भांडायला भाऊ धडधाकट लागतो.

लोभावर संशय नको, बाकी कशावरही घे.

तुझी,
ललिता

*

लालबाग,
२७ जानेवारी

ललितास,
जयभीम.

तळापासून सुरुवात केली. खालच्या दोन रिव्हेट ड्रिलने उडवल्या, तळाची पट्टी सुटी केली. तिला काळा रंग फासला होता. रिमूव्हर लावून दहा मिनिटं ठेवली, जुन्या टूथब्रशने घासली. काळा गेला आणि खाली अक्षर आलं. प्र. कर्कटकाने कोरलेलं, उभी रेघ वाकडी. मी तिसरीत असताना गॅलरीत बसून कोरलं होतं, आणि कर्कटकाचं टोक मोडलं म्हणून बाबांची बोलणी खाल्ली होती. मग चाकाच्या आतल्या बाजूला नखाने खरवडलं. पिवळ्याखाली लाल.

तिथेच काम बंद केलं. माझी गाडी. बेचाळीस वर्षं तुझ्या शोकेसमध्ये, माझ्या डोळ्यांसमोर, आणि दर दिवाळीला तुझ्याकडे आलो की मी तिच्याकडे बघत चहा पीत होतो. तू ती घेतलीस, कोणाकडून तरी रंगवून घेतलीस, तळ काळा केलास, आणि बाबांनी दिली म्हणून मिरवलीस. बाबांना तरी माहीत होतं का? आता ते गेले, विचारणारं कोणी उरलं नाही, म्हणून डबा पाठवलास. माझी जिरवायला की स्वतःचं मन हलकं करायला, ते तुझं तुला माहीत.

दीपिका म्हणते, लहान होती ती, सोडून द्या. गाडी मी कधीच सोडली होती. पण तू बेचाळीस वर्षं माझ्या तोंडावर खोटं बोललीस, ते कसं सोडू?

लोभाचं काय करायचं, ते आता मला माहीत नाही.

प्रफुल्ल

*

माहीम,
१ फेब्रुवारी

आदरणीय दादास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं पत्र शाळेच्या स्टाफरूममध्ये वाचलं आणि पुढचा तास दुसऱ्या बाईंना दिला.

मी खोटं बोलले नाही. मी काहीच बोलले नाही, आणि आताही बोलता येत नाही. पण तू रंग ओळखणारा माणूस आहेस ना? मग डोकं चालव. सात वर्षांच्या पोरीला, गिरण्यांचा संप चालू असताना, घरात चहात दूध नसताना, रंग कुठून मिळणार? ब्रश कुठून? वॉर्निश कुठून?

तात्या शीवला लेकीकडे असतात. गिरणीत बाबांच्या खात्यातले, त्यांच्या शेजारच्या सांच्यावरचे. शहाऐंशी वर्षांचे आहेत, पण नजर शाबूत आहे. गाडी घेऊन त्यांच्याकडे जा. विचारू नकोस काही, नुसती हातावर ठेव.

आणि तोवर वरच्या रंगाला हात लावू नकोस. माझं लेखी मी मागे घेते.

लोभ तुला नको असेल तर माझ्याकडे राखून ठेवते.

ललिता

*

लालबाग,
१० फेब्रुवारी

प्रिय ललितास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

काल शीवला गेलो. तात्या खाटेवर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. गाडी नुसती हातावर ठेवली. त्यांनी टपावरून अंगठा फिरवला, खिडकीपाशी उजेडात धरली, आणि म्हणाले, "पीतांबर."

मला वाटलं, म्हातारा चळला. मग त्यांनी सांगितलं. संपाला सहा-सात महिने झाले होते. तात्यांची परळच्या एका गणपतीच्या कारखान्यात ओळख होती, ते बाबांना घेऊन गेले. बाबांचा हात स्थिर, म्हणून त्यांना पीतांबर रंगवायला बसवलं. सकाळी युनियनच्या सभेला जातो म्हणून घरातून निघायचे, मागच्या गल्लीने कारखान्यात शिरायचे. परत येताना हात रॉकेलने धुवायचे. आई विचारायची ते आठवतं का तुला, सभा पेट्रोल पंपावर असते का म्हणून?

आपले बाबा, बौद्धजन मंडळाचे चिटणीस. बावीस प्रतिज्ञा, गणपतीला देव मानणार नाही ही त्यातलीच, चाळीत तेच सांगायचे आणि आपण सगळे त्यांच्या मागून म्हणायचो. तात्या म्हणाले, मी त्याला किती समजावलं, अरे पोटासाठी रंगवतोस, पूजेसाठी नाही, तुझ्या समाजातलं कोणी तुला बोलणार नाही. पण बाबांना दुसऱ्या कोणाची भीती नव्हतीच. जे आपण लोकांकडून म्हणून घेतो, ते तोंडात असताना हात तिथे जातो, हे त्यांना सोसत नव्हतं. आणि तुझा वाढदिवस आला होता. मला एकदा गाडी मिळाली होती, तुला कधीच काही नाही. माझी लाल फियाट चाक तुटून फळीवर पडली होती. प्रफुल्लचं मन तिच्यावरून उडालंय, असं बाबा तात्यांना म्हणाले. चाक बसवलं, माझं अक्षर दिसू नये म्हणून तळ काळा केला आणि वर वाटीत उरलेला रंग दिला.

ललिता, मी चुकलो. हे वाक्य मी चार वेळा लिहून चार वेळा खोडलं, शेवटी तसंच ठेवतो. तुझ्या लग्नात, सम्यकच्या बारशाला, बाबांच्या पुण्यानुमोदनाला, कुठे म्हणून मी तुला सोडलं नाही. तुझ्यावर संशय घेतला, पण बाबांवर घ्यायचं कधी सुचलं नाही मला. आणि बाबा होते तोवर तेही प्रत्येक वेळी तिथेच बसलेले असायचे.

वरचा रंग मी काढलेला नाही, काढणारही नाही. टपावरचे ब्रशचे हात बघ कधीतरी भिंगातून. सगळे वरून खाली, बारीक, एकसारखे. बाबांनी गाडीलासुद्धा धोतराच्या चुण्या पाडल्यात. चाक बसवलंय. तळ मात्र उघडाच ठेवलाय.

तात्यांना विचारलं, हे अजून कोणाला माहीत होतं? ते म्हणाले, बहिणीला विचार. म्हणून विचारतो. तुला माहीत होतं?

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा दादा,
प्रफुल्ल

*

माहीम,
१५ फेब्रुवारी

आदरणीय दादास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

हो, माहीत होतं. शाळा लवकर सुटली होती, मी मागच्या गल्लीने येत होते. कारखान्याची ताडपत्री वर केलेली. आत तात्यांच्या शेजारी बाबा उकिडवे बसलेले, बोटं पिवळी, आणि बाजूला वर्तमानपत्रावर तुझी गाडी, अर्धी लाल, अर्धी पिवळी. त्यांनी मला पाहिलं. तसा चेहरा मी बाबांचा नंतर कधी पाहिला नाही, अगदी शेवटच्या दिवसांतही नाही. बाहेर येऊन त्यांनी माझा हात धरला आणि वचन घेतलं, आईला, दादाला, कोणाला म्हणजे कोणालाच तोंडाने सांगायचं नाही.

दोन दिवसांनी तू गाडीसाठी घर डोक्यावर घेतलंस. आईने लाटणं घेतलं तेव्हा बाबा दारात उभे होते, सदऱ्याचा एक हात काढलेला, एक तसाच. ते माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. तू म्हणतोस, निर्दोष माणूस ओरडतो. मी ओरडले असते तर ते उघडे पडले असते.

मी मोठ्या मनाची आहे असं समजू नकोस. बाबांचा राग आला मला, आणि तो अजून आहे. एक शब्द बोलायला हवा होता त्यांनी. त्या दिवशी नाही तर नंतर, बेचाळीस वर्षांत कधीतरी. त्या दिवशी रात्री त्यांनी माझ्या दंडाला तेल लावून दिलं, पण बोलले नाहीत.

ते गेल्यावर मला वाटलं, वचन तोंडाचं होतं. गाडी पाठवायची नाही असं कुठे ठरलं होतं? रंग काढणारा भाऊ घरात असताना मी तोंड कशाला उघडू? सगळा रंग काढ असं लिहिलं, कारण नुसतं चाक बसव म्हटलं असतं तर तू तळ उघडलाच नसतास. मग तुझं तळाचं पत्र आलं, आणि पुढचे आठ दिवस मला धड झोप नव्हती, की आता रागाच्या भरात तू पिवळाही उडवतोस की काय.

गाडी परत पाठवू नकोस. तुझ्या फळीवर राहू दे, तिथूनच निघाली होती. रविवारी मी ती बघायला येते. लोभ वाढवायचाच असेल तर वहिनीला सांग, सोडे घालून वांगी कर. या वेळी मी जेवून जाईन.

तुझी,
ललिता