विचारपूसवाल्या बाई

२ मार्च

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला म्हणून आई तोंड फुगवून बसली असेल. तिला सांग, इथे उशीर व्हायला कारणच नसतं, त्यामुळे खापर फोडायला कुणी सापडत नाही. या नव्या वसाहतीत नळाला गरम पाणी आहे, जिन्यात दिवा आहे, कुणी कुणावर ओरडत नाही. यांना लिफ्ट दुरुस्तीचं काम मिळालंय, पण इथल्या लिफ्ट बिघडतच नाहीत. नुसतं तेल देतात आणि ऊन असतानाच घरी येतात.

सगळं इतकं ठाकठीक का, तर दर बुधवारी एक बाई घरोघर विचारपूस करायला येतात. स्वयंपाकघरात बसून, काही कमी-जास्त आहे का, असं मायेने विचारतात. शेजारणीने खिडकी कुरकुरते म्हणून सांगितलं, तर संध्याकाळच्या आत खिडकी बदलली. मला मात्र सांगायला काही सुचत नाही. मी नुसतीच हसते आणि बाईंचा चेहरा पडतो. चहासुद्धा घेत नाहीत गं त्या. दारी आलेल्या माणसाला रिकाम्या हाती पाठवायचं, हे आईच्या लेकीला कसं जमावं?

तक्रार म्हणशील तर एकच. हे दाढी करताना शीळ घालतात. रोज तेच गाणं, आणि त्यातही दुसरी ओळ चुकीची. डोकं उठतं माझं. पण हे काय परक्या बाईला सांगायचं?

आईचा गुडघा कसा आहे ते कळव. तू लिहीत नाहीस म्हणून मीच लिहिते; ही एकतर्फी माया अशीच चालू राहो.

तुझी,
ताई

१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एकतर्फी काय म्हणतेस? दुकानात शाळेच्या गणवेशांचं काम आलंय. दिवसभर काजं करून बोटांची चाळणी झाली आहे, म्हणून अक्षर असं आलंय. आईचा गुडघा दुखत होताच, तुझ्याकडे लिफ्ट आहे हे ऐकून जास्त दुखायला लागला.

तुझं पत्र वाचून आम्ही दोघी पोट धरून हसलो. आपल्या घराची रीतच ही. ज्याच्यावर जीव, त्याच्याच नावाने दिवसभर कुरकुर. आईने बाबांच्या घोरण्यावर जन्मभर तोंड सोडलं, आणि ते गेल्यावर त्या आवाजावाचून तिला झोप येईना. भाऊजींची शीळ तर इथे राहायला आलात तेव्हा आम्हीही सोसली आहे. सांगून टाक की बाईंना. त्या बिचाऱ्यांचीही भवानी होईल, आणि भाऊजींना कुणीतरी ती दुसरी ओळ एकदाची शिकवेल.

आईचे आशीर्वाद, माझा लोभ आणि वर ही थोडी कुरकुर, सगळं गोड मानून घ्यावं.

तुझी,
खारू

९ एप्रिल

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस.

मी सांगितलं गं. तुझं पत्र आलं त्याच बुधवारी, हसत हसत, पाहुण्यापुढे बशी सरकवावी तसं. बाईंनी मनापासून आभार मानले. दुसऱ्या दिवशी यांना कामावरूनच नेलं आणि आठवड्याने आणून सोडलं. अंगावर ओरखडाही नाही. खातात-पितात, विचारलं तर नीट उत्तर देतात. शीळ गेली, आणि तिच्याबरोबर काय काय गेलं ते मला रोज नव्याने कळतं. तुझं नाव काढलं तर ओळख पटते, पण हसू येत नाही. परवा मी मुद्दाम त्यांचा आवडता सदरा इस्त्रीने जाळला. त्यांनी तो घडी करून बाजूला ठेवला आणि हात भाजला नाही ना, एवढंच विचारलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

बाईंना विनवलं की मला माझे पहिलेच हवेत. त्या म्हणाल्या, काढलेलं परत बसवता येत नाही. पण आता आहेत त्यांच्याबद्दल काही तक्रार असेल, तर तीही दूर करता येईल. तेव्हापासून दर बुधवारी मी यांचं तोंडभरून कौतुक करते. घरी निघून यायला मला कुणी अडवत नाही. पण मी यांची ही दशा केली, आता यांना कुणाच्या भरवशावर टाकून येऊ?

माझा चेहरा बघून बाईंना वाईट वाटतं. मनाला लागलेली टोचणीही काढून टाकतात म्हणे, दुपारभराचं काम. मात्र स्वतःबद्दलची तक्रार स्वतः करता येत नाही, जवळच्या माणसाने करावी लागते. यांना तर माझ्याबद्दल काही वाटतच नाही. खारू, तू एक ओळ लिही, की ताईच्या रडगाण्याचा तुला त्रास होतो. बाहेरून येणारी पत्रं बाई आधी वाचतात, तेवढं पुरेल. मला यांच्यासमोर जेवायला बसवत नाही गं.

एवढी एक माया कर, पुन्हा काही मागणार नाही.

तुझी,
ताई

२० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून माझी काजं वाकडी जातायत. मालकिणीने सगळी उसवायला लावली. आईला तुम्ही मजेत आहात असं खोटंच सांगितलं. ती इतकी खूश झाली की मला तिच्याकडे बघवेना.

सांगून टाक, असं लिहिणारी मीच होते. गंमत म्हणून लिहिलं, आणि दुकानात सगळ्यांना सांगून वर हसलेही. म्हणजे भाऊजींना नेलं ते तुझ्या एकटीच्या शब्दावर नाही. आता तुझी टोचणी काढली, तर ते पहिले कसे होते हे त्या घरात कुणालाच आठवणार नाही. उद्या ते आजारी पडले, तर त्यांच्या उशाशी बसणारी तरी त्यांची कुणी असायला हवी.

तू मागितलेली ओळ मी लिहिली होती. पत्र पाकिटात घातलं, पेटीपर्यंत गेलेही, आणि तिथेच फाडलं. तू रडतेस हे वाचून मला काय होतं, ते इथे लिहीत नाही, कारण हे पत्र तुझ्याआधी बाई वाचणार. त्यांनी नीट वाचावं म्हणून मुद्दाम ठळक अक्षरात लिहिते. माझी ताई आहे तशीच मला हवी आहे. तिच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही, आमच्या आईचीही नाही, आणि पुढेही असणार नाही.

हे वाचून तू माझ्या नावाने बोटं मोडशील. मोड. तुझ्या हातची सुटका मी हिसकावून घेतली, हे मला जन्मभर लागून राहील, आणि लागून राहावं अशीच माझी इच्छा आहे.

लोभ नसला तरी चालेल. राग असू द्यावा, ही विनंती.

तुझी,
खारू