माका नको शाळा

बाई, तुमच्या इंग्रजीच्या तासाला मी बसले ते शेवटचं वर्ष अजून लख्ख आठवतं. मी आठवीत होते आणि माझी शाळा थांबवायचं बाबांनी ठरवलं होतं. तुम्ही फळ्यावर 'निप इन द बड' लिहिलंत आणि म्हणालात, "कळी असतानाच खुडणे. वाईट गोष्ट वाढण्याआधीच थांबवली, की असं म्हणतात. भांडण, खोड, आजार. आता वाक्य करा." मी लिहिलं, बाबांनी माझी शाळा कळीतच खुडली. वही हातात घेऊन तुम्ही म्हणालात, "व्याकरण बरोबर आहे. पण शाळा ही वाईट गोष्ट आहे का गं?" मी म्हटलं, "बापाशीक तशीच दिसता." वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत.

त्याच संध्याकाळी चपला हातात घेऊन तुम्ही वाळू तुडवत आमच्या घरी आलात. बाबा जाळं शिवत बसलेत. आत आई, सुजलेला पाय उशीवर. धाकटी दोघं तिच्याभोवती. "बाईनु, तुमचा पटता माका," बाबा म्हणतात, "पण मासळीची पाटी घेवन बाजारात कोण जातला?" तुम्ही म्हणता, "सकाळी बाजार, दुपारी शाळा. हेडमास्तरांशी मी बोलते." बाबांचा हात थांबला. मी तो चेहरा ओळखत होते. ते हो म्हणणार होते. "चेडवाकच इचारा," ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. मी आईकडे पाहिलं. ती उशीत तोंड घालून कण्हणं दाबत होती. "माका नको शाळा," मी म्हणाले. तुम्ही पुन्हा विचारलंत. मी पुन्हा तेच म्हणाले. "बरं," एवढंच बोलून तुम्ही गेलात. मग बाबांनी विचारलं, "कित्याक गो असा बोललंस?" मी होडीच्या आड जाऊन पोटभर रडले.

आई काही त्यानंतर उठली नाही, दिवाळीआधीच गेली. पाटी माझ्या डोक्यावर राहिली ती राहिलीच. तुमची वेंगुर्ल्याला बदली झाली.

सात-आठ वर्षांनी कळलं, तुम्ही तिथल्या दवाखान्यात आहात, फार दिवस उरले नाहीत. मी एसटीने आले. खोलीच्या दारातून तुम्ही दिसलात, केस पांढरे, डोळे मिटलेले. काय वाचतेस, असं विचारलं असतंत तर मी काय सांगणार होते? नर्स म्हणाली, "तुम्ही त्यांच्या कोण?"

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं लिहिते. दारातूनच परत फिरताना मी नर्सला म्हणाले, "कोण नाय. मासळी इकूक इलंय."