चंपी जाऊबाईंच्या खाटेखाली व्याली

बोरिवली, मंगळवार, ८ जानेवारी १९८५

आज आमची कुत्री व्याली. ती गाभण आहे हे घरात कुणालाच कळलं नव्हतं. आणि जागा कुठली निवडली? जाऊबाईंच्या खाटेखाली! रोज माशाची मुंडकी घालून भात मी देते. जाऊबाई तर तिला झाडूनं हाकलायच्या.

पिल्लाला हात लावायला गेले तर चंपी गुरगुरली. माझ्यावर! जाऊबाईंनी पिल्लं उचलून जुन्या लुगड्यावर ठेवली, तर त्यांचा हात चाटत बसली.

"अगं, तू पण ये ना," त्या म्हणाल्या.

"भाकऱ्या राहिल्यात," मी म्हटलं. खोटं. भाकऱ्या कधीच झाल्या होत्या.

कुत्रीवरून एवढी जळते मी?

शेवटी दूध कोमट करून वाटी त्यांच्याकडे सरकवली. "तुमच्याच हातून पिईल ती."

त्यांना वाटलं, मी कौतुकानं बोलले.